मूळ मान वाकडी आहे

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कारखान्याच्या कचेरीत जे काही बोलले ते वाचून कुणी दचकायला नको.

१९९७ साली मी शेवगाव रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात टेक्निशियन होते. दवाखाना म्हणजे दहा खाटा, एक विहीर, आणि चार-चार फूट जाड भिंतींच्या खोलीत बसवलेलं कोबाल्टचं मशीन. कॅन्सरच्या गाठीवर त्यातून किरण सोडायचे. आजूबाजूची माणसं त्याला ‘लाईट देणं’ म्हणायची आणि एकदा लाईट घेऊन गेलेला माणूस गावात महिनाभर तेच सांगत बसायचा.

मशीन होतं, डॉक्टरबाई पुष्पावती होत्या, मी होते. नव्हतं ते गणित करणारं माणूस. किरण कुठून सोडायचे, कुठल्या कोनातून, किती वेळ, याचा हिशोब जरा चुकला तर गाठ राहते बाजूला आणि चांगलं अंग भाजून निघतं. तो हिशोब करणाऱ्या प्रज्ञा मॅडम होत्या पुण्यात. महिन्यातून एकदा यायच्या, एस.टी.नं, मांडीवर डबा आणि फुटपट्टी घेऊन. एरवी पेशंट ताटकळायचे. शेवटी डॉक्टरबाईंनी ट्रस्टच्या बैठकीत नवी पद्धत मंजूर करून घेतली. मी पेशंटच्या अंगाभोवती मऊ तार वळवून त्याचा आकार घ्यायचा, तो आलेखाच्या कागदावर उतरवायचा आणि फॅक्सनं पुण्याला धाडायचा. मॅडम तिकडं बसून आखणी करणार, फॅक्सनं परत पाठवणार, राहिलंसाहिलं फोनवर. पेशंट आमच्याकडं, डोकं पुण्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी विचारलं की फॅक्स कुठाय?

फॅक्स चार किलोमीटरवरच्या साखर कारखान्यात होता. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, कारण या गोष्टीतल्या आप्पासाहेबांचे चिरंजीव अजून तिथंच नोकरीला आहेत आणि मला त्या रस्त्यानं जावं लागतं. तिथले चेअरमन आमच्या ट्रस्टवर होते. ते म्हणाले, आमचं मशीन वापरा, काही हरकत नाही. हरकत कुठं आहे हे त्यांना तरी काय माहीत!

या नव्या पद्धतीचे पहिले पेशंट सहादेव. शेवगावच्या मार्केट यार्डात सत्तावीस वर्षं कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस. अंगानं काडी, पण आवाज असा की यार्डातला भाव पलीकडच्या रस्त्यावर थांबलेल्या एस.टी.तल्या माणसांना कळायचा. तो आवाज तीन महिन्यांपासून बसला होता. आधी काढा झाला, मग ज्येष्ठमध झालं, मग नगरला तपासणी झाली आणि स्वरयंत्रावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, स्वरयंत्रच काढून टाकू. तारीखसुद्धा दिली, येत्या सोमवारची.

“जीव वाचंल,” सहादेव घोगऱ्या आवाजात डॉक्टरबाईंना म्हणाले होते, “पर मग मी यार्डात जाऊन करू काय? कांदं मोजू?”

डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं. गाठ लहान आहे, वेळेत धरली आहे, नीट किरण दिले तर शंभरातल्या ऐंशी-पंचाऐंशी जणांचा आवाज राहतो. पण उगाच थांबायचं नाही. सोमवारी आपण सुरुवात केली तर मुंबईची तारीख सोडा. नाही जमलं तर सरळ मुंबईची गाडी धरा, ती तारीख घालवू नका. त्यात प्रज्ञा मॅडम शनिवारी पहाटे तीन आठवड्यांसाठी कलकत्त्याला निघणार होत्या. म्हणजे शुक्रवार संध्याकाळपर्यंत आखणी हातात आली तर आवाज, नाहीतर सुरी. एवढं साधं होतं.

गळा बरा होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही असा डॉक्टरबाईंनी दम भरला. सहादेवांनी तो इतका पाळला की आम्हालाच त्रास झाला. त्यांचे वडील बैलांचे दलाल. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. सहादेव आता सगळं तसंच सांगायला लागले. खांद्यावरचा टॉवेल पुढं करायचे आणि आपण आत हात घालायचा. डॉक्टरबाईंनी विचारलं, “गिळताना दुखतं का?” टॉवेल पुढं आला. बाईंनी जरा संकोचानं हात घातला. दोन बोटं दाबली गेली.

“दोन म्हणजे काय हो?” बाईंनी सहादेवांच्या बायकोला, रतनबाईंना विचारलं.

“दोनदा दुखतं म्हनायचं आसंल. न्हाईतर दोन भाकरी खाल्ल्या म्हनायचं आसंल,” रतनबाई म्हणाल्या. “थांबा, मी घालून बघते हात.”

मंगळवारी मी सहादेवांच्या मानेचा आकार घेतला. माणूस वाळलेला, त्यामुळं गळ्यावरची घाटी अशी पुढं आलेली की ती आधी खोलीत शिरायची आणि मागून सहादेव. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून आणलेली डाग देण्याची तार मानेभोवती फिरवली, अलगद काढली, आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. आकार आला मागं रुंद, पुढं टोकदार, एका बाजूला थोडा फुगीर. शेजारी दहा सेंटीमीटरची रेघ मारली, कारण फॅक्समध्ये चित्र लहानमोठं होतं आणि त्या रेघेवरून मॅडमना ते कळतं. कागद पिशवीत घातला आणि लूना काढली.

कारखान्याच्या कचेरीत जावक विभागात आप्पासाहेब बसायचे. गोल चेहरा, गोल चष्मा, गोल पोट, आणि मानेचा पत्ताच नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. पूर्वी ते शेतकी खात्यात उसाच्या फडांचे नकाशे काढायचे. अक्षर असं की चेअरमन त्यांच्या हातची नोटीस वाचायला नाही, बघायला थांबायचे. फॅक्स काचेच्या कपाटात, त्यावर क्रोशाचं झाकण, कपाटाला कुलूप, किल्ली आप्पासाहेबांच्या करगोट्याला.

“ठेवा,” ते म्हणाले. त्यांनी कागदाकडं बघितलं आणि भाजीत केस सापडावा तसं तोंड केलं.

“तातडीचं आहे हो आप्पासाहेब.”

“तातडीचं हाय म्हनूनच नीट पाठवतो. तुमी निर्धास्त जा.”

आणि मी निर्धास्त गेले! आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बुधवारी सकाळी पुण्याहून फोन आला. “दीपा, काय पाठवलंयस हे?” प्रज्ञा मॅडम विचारत होत्या. “ही मान आहे?”

“हो मॅडम. का?”

“गोल आहे. म्हणजे अगदी गोल. मी कंपास ठेवून बघितला, एक मिलीमीटर इकडं-तिकडं नाही. माणसाची मान अशी नसते, बाटलीची असते. तुझी तार निसटली का?”

मी म्हटलं निसटली असेल. मॅडमनी समजावून सांगितलं, तेही रागावून नाही. मान पुढं निमुळती असते, तिथं मांस कमी, म्हणून किरण तिथं जास्त लागतात. ते सारखे करायला मशीनच्या तोंडाशी धातूची पाचर बसवायची, जाड बाजू पुढं. किती तिरपी पाचर ते मानेच्या आकारावर ठरतं. गोल मानेची पाचर टोकदार मानेला लावली तर गळ्याचा पुढचा भाग करपेल, आणि जो आवाज वाचवायचा तोच जाईल.

मी पुन्हा तार वळवली. यावेळी डॉक्टरबाई शेजारी उभ्या, रतनबाई डोकं धरून, मी तार धरून, आणि सहादेव तिघींच्या मधे डोळे मिटून बसलेले, सलूनमध्ये बसल्यासारखे. आकार तोच आला, टोकासकट. मी तो जाड स्केचपेननं गिरवला, टोकावर तर दोनदा. पुन्हा लूना, पुन्हा आप्पासाहेब, पुन्हा तेच तोंड.

गुरुवारी फोन. “दीपा, आणखी गोल झालीय. रेघ मात्र बरोबर दहा सेंटीमीटर आहे, इतकी बरोबर रेघ तुझ्याकडून पहिल्यांदाच आली.”

आता मात्र दवाखान्यात चर्चेला ऊत आला. डॉक्टरबाईंना वाटलं मशीन वाकडं ते सरळ करतंय. रतनबाईंना वाटलं तारेतून जाताना चित्र घासलं जातंय, नदीतले गोटे घासले जातात तसं. सहादेवांनी टॉवेल पुढं केला. मी वैतागून हात घातला, त्यांनी पाच बोटं दाबली. कशाचे पाच ते कुणालाच कळलं नाही. मग मीच म्हटलं, मशीनच तपासू. एका कागदावर हातानं एक वेडावाकडा चौकोन काढला, आणि गुरुवारी साडेचारला तो कारखान्यात देऊन आले.

तासाभरात मॅडमचा फोन. “चौकोन आला. सुरेख आलाय. चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी आहे.”

“काय आहे?”

“वेलबुट्टी. पानं-फुलं. दीपा, तू बरी आहेस ना?”

मी फोन ठेवला. मशीन वेलबुट्टी काढत नाही, हे कळायला मला डॉक्टरबाई किंवा मॅडम लागत नव्हत्या. तोवर कारखान्याची सुट्टी झाली होती, म्हणून ती रात्र मी दात-ओठ खात घालवली. शुक्रवारी सकाळी मशीनवर बारा पेशंट होते. ते उरकून तीन वाजता लूना काढली, तर मागं सहादेव उभे. त्यांना यायचं होतं. नको म्हटलं तरी मागं बसले. चढावर लूना थांबली की ते उतरून चालायचे आणि सपाटीवर पळत येऊन पुन्हा बसायचे. साडेतीनला आम्ही पोचलो.

आप्पासाहेब चहात बिस्कीट बुडवत होते. मी मानेचा पुन्हा गिरवून आणलेला कागद टेबलावर आपटला.

“आप्पासाहेब, माझ्या कागदांचं तुम्ही काय करता?”

“फेअर करतो,” ते शांतपणे म्हणाले. “सगळ्यांचंच करतो. तुमचा कागद म्हंजे, राग मानू नका, पर लई गबाळा. आवो, वरनं कारखान्याचं नाव छापून जातं. पुन्याच्या मान्साला वाटायचं, हितं कुनाला गोल काढता येत न्हाई.”

“ते गोल नाहीये!”

“तेच म्हनतो मी. गोल काढायला गेलात आन् जमलं न्हाई. म्होरं एक टोक आलं हुतं, कुनाचा धक्का लागला आसंल. मी काढून टाकलं. दुसऱ्या खेपेला ते टोक लईच जाड आलं. मी म्हनलं पोरगी दमली. तेबी काढलं.”

“आणि वेलबुट्टी?”

“चौकोन मोकळा दिसत हुता.”

मग मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमच्या हाताला काय झालंय, डोळ्याला काय झालंय, डोक्याला काय झालंय, असं वरवर चढत गेले. एका माणसाच्या गळ्याशी खेळताय तुम्ही, असं म्हणाले. तुमच्या सुंदर अक्षराला काडी लावा, असंही म्हणाले. कचेरीतले सगळे टाईपरायटर थांबले. आप्पासाहेबांनी बिस्कीट चहात सोडलं ते सोडलंच. ते उठले, फॅक्सवर क्रोशाचं झाकण घातलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली धोतरात सरकवली आणि पुन्हा खुर्चीत बसले.

“मूळ कागद जसाच्या तसा भाईर पाठवायचा न्हाई,” ते भिंतीकडं बघत म्हणाले. “एकोननव्वदचा आदेश हाय.”

“कुणाचा आदेश?”

“मीच लिवलाय. चेअरमनची सही हाय.”

चेअरमन मुंबईला. मॅनेजर साहेब शेतावर. पावणेचार वाजले होते, मॅडमना आखणीला निदान तास-दीड तास हवा होता आणि मी माझ्या जिभेनं कपाट बंद करून बसले होते. मला रडू यायला लागलं. रागाचं नाही, लाजेचं. मागं वळून सहादेवांकडं बघायची हिंमत झाली नाही.

सहादेव मात्र पुढं झाले. त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल होता, मी आकार घेताना मानेवर शाईनं केलेल्या खुणा झाकायला गुंडाळलेला. त्यांनी त्याचं एक टोक सैल करून आप्पासाहेबांसमोर धरलं.

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस कितीही वर्षं खुर्चीवर बसला तरी समोर टॉवेल आला की त्याचा हात आपोआप पुढं जातो. आप्पासाहेबांचाही गेला. सहादेवांनी तो टॉवेलाखाली धरला, पण बोटं दाबली नाहीत. सरळ वर ओढून आपल्या गळ्यावर ठेवला.

टॉवेलाच्या आत आप्पासाहेबांचा हात हळूहळू फिरताना दिसत होता. मागून बाजूला, बाजूनं पुढं. पुढं आल्यावर तो थांबला.

“टोक हाय,” आप्पासाहेब हळूच म्हणाले.

सहादेवांनी मान हलवली.

“हलतंय वो हे!”

“ते गिळतात तेव्हा हलतं,” मी म्हटलं.

“हेच का दुखनं?”

“नाही. ती घाटी आहे, सगळ्यांना असते. दुखणं तिच्या आत आहे.”

“सगळ्यांना?” आप्पासाहेबांनी दुसरा हात स्वतःच्या हनुवटीखाली घातला. बराच वेळ चाचपलं. एक हात सहादेवांच्या टॉवेलात, दुसरा स्वतःच्या गळ्यात, चष्मा नाकावर घसरलेला. शेवटी चरबीच्या खूप आत कुठंतरी त्यांना सापडली असावी, कारण चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. “मलाबी हाय की! आट्ठावन्न वरसं झाली, कुनी सांगितलंच न्हाई!”

तिकडून टायपिस्ट, हिशेबनीस, शिपाई, सगळे आपापले गळे चाचपायला लागले.

“गोल गेलं तर काय हुईल?” आप्पासाहेबांनी मला विचारलं. पहिल्यांदाच माझ्याकडं बघून.

मी सांगितलं. पाचर चुकेल, गळा करपेल, आवाज जाईल. आज आखणी आली नाही तर सोमवारी मुंबईला स्वरयंत्र काढतील, म्हणजे तरीही आवाज जाईलच. हे शेवगावला कांद्याचा लिलाव पुकारतात, सहादेव.

“शेवगावचं सहादेव? तुमी? आवो, माझा कांदा तुमी इकलाय चौदा सालं! पर बोलला न्हाई तर मानूस वळखायचा कसा? तोंड कुनी बघितलंय तुमचं? सगळी बघत्यात ढिगाकडं!”

ते गहिवरले होते आणि त्यांचा हात अजून टॉवेलातच होता. सहादेवांनीच तो बाहेर काढून टेबलावर ठेवला.

मग आप्पासाहेबांनी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि म्हणाले, थांबा, मी स्वतः वाकडी काढतो. कारखान्याच्या नावाखाली जायचं तर निदान स्वच्छ वाकडी जाऊ दे. त्यांनी कोरा कागद घेतला आणि माझा आकार समोर ठेवून काढायला बसले. पहिली गोल आली. दुसरी अंड्यासारखी, पण दोन्ही बाजू अगदी सारख्या. तिसरीला टोक आलं खरं, पण ते इतकं डौलदार की देवळाच्या कळसावर शोभलं असतं. आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम आला.

“हात ऐकत न्हाई वो,” ते काकुळतीला येऊन म्हणाले. “चाळीस वर्सं सरळ चाललाय.”

सव्वाचार. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनीच पेन खाली ठेवलं. माझा मूळ कागद उचलला, स्केचपेनचे डाग आणि चहाचा एक थेंब यांच्यासकट. त्याच्या खाली आपल्या त्या अप्रतिम अक्षरात लिहिलं: ‘सदर आकृती वाकडी असून ती तशीच पाठविण्यात येत आहे. मूळ मान वाकडी आहे. समक्ष हात लावून खात्री केली आहे.’ खाली सही, तारीख, जावक क्रमांक. शिक्का उचलला आणि थेट मानेच्या मध्यावर आणला. मी ओरडले. त्यांनी तो घाईघाईनं कोपऱ्यात मारला.

फॅक्सनं कागद गिळला. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत उभे राहिलो. पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला. आप्पासाहेबांनी उचलला, ऐकलं, आणि ताठ होऊन माझ्या हातात दिला.

“दीपा,” मॅडम म्हणाल्या, “हा शेरा लिहिणारा माणूस मला पसंत आहे. ही मान आहे. खाली कुणी सही केलीय?”

“कारखान्याचे आप्पासाहेब.”

“त्यांना सांग, इतका चांगला शेरा मी आजवर कुठल्या रिपोर्टवर वाचला नाही. फोन जवळ थांबा. तासाभरात पाठवते.”

साडेपाचला कारखान्याची शिट्टी झाली. सगळे उठले. आप्पासाहेब उठले नाहीत. टायपिस्टनं सांगितलं की हे तिच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच घडतंय. पावणेसहाला फॅक्स घरघरला आणि कागद यायला लागला. सहादेवांची वाकडी मान, तिच्या दोन्ही बाजूंनी आत जाणाऱ्या रेघा, मधे एकात एक वळणं, कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी, आणि शेजारी मॅडमच्या बारीक अक्षरातले आकडे. सहादेवांनी तो कागद उजेडाकडं धरला. बराच वेळ बघितला.

आप्पासाहेब दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

“न्या,” ते म्हणाले. “लवकर न्या. एक वळन उजव्या अंगाला जरा बसलंय. माझा भरवसा न्हाई.”

सोमवारी आम्ही सुरुवात केली. साडेसहा आठवडे, रविवार सोडून रोज. मी पाचर बसवायची, जाड बाजू पुढं, आणि दोनदा हात लावून बघायची. चौथ्या आठवड्यात खोकताना-ठसकताना निघणारा सहादेवांचा घोगरा आवाजही गेला. असं होणार हे डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, पण सांगितलेलं असलं तरी माणूस घाबरतोच. रतनबाईंनी माझा हात धरून विचारलं, “पोरी, उलटं तर न्हाई ना केलं?” मी नाही म्हटलं. मग मशीनच्या खोलीत जाऊन मॅडमचा कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासला.

शेवटचा लाईट दिल्यावर दोन महिन्यांनी ते तपासणीला आले. डॉक्टरबाईंनी आरसा घालून गळ्यात बघितलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि आरसा ट्रेमध्ये ठेवला. गाठ नव्हती.

“आता बोला,” त्या म्हणाल्या. “बेतानं.”

सहादेव बोलले नाहीत. तीन-चार महिने बंद असलेलं दार कसं उघडेल याची धास्ती वाटत असावी. त्यांनी टॉवेल पुढं केला. रतनबाईंनी तो फटकन हिसकावून घेतला आणि आपल्या पिशवीत कोंबला.

प्रज्ञा मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं की ते आले की फोन लाव. मी लावला. “मॅडम, सहादेव आलेत. गळा साफ आहे.”

“दे त्यांना. मी त्यांची मान पाठ केलीय दीपा, पण माणूस कधी ऐकला नाही.”

मी रिसीव्हर दिला. सहादेवांनी तो दोन्ही हातांनी धरला. काय बोलावं हे त्यांना सुचेना. सत्तावीस वर्षं ते फक्त विकत आले होते, आणि इथं विकायला काही नव्हतं. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. दवाखान्याचा पडवीवजा हॉल, बाकावर बसलेली वीस-पंचवीस माणसं, पागोटी, टोप्या, पिशव्या, भाकरीची गाठोडी. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“चला रं, बोला! मान हाय मान! शेवगावची मान! वाकडी हाय, टोक हाय, पर आस्सल हाय! हात लावून बघा आन् बोला!”

आवाज पहिल्या शब्दाला फाटला, दुसऱ्याला सावरला आणि तिसऱ्याला असा उठला की विहिरीवरची कबुतरं उडाली. हॉलमधल्या माणसांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. पण पुकारा ऐकल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

“पन्नास!” बाकावरून एक म्हातारा ओरडला.

“पन्नास! शेवगावची मान पन्नास! आरं, गोणीचा भाव न्हाई हा, मानंचा हाय!”

“शंभर!”

“दीडशे!” हे रतनबाई म्हणाल्या, पदरानं डोळे पुसत.

“बास, बास, बेतानं म्हटलं होतं मी!” डॉक्टरबाई हसत होत्या आणि ओरडत होत्या, आणि ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. सहादेव दोनशेवर पोचले होते. त्यांनी रिसीव्हर आता हातभर लांब, सगळ्या हॉलकडं तोंड करून धरला होता.

मी तो कसाबसा त्यांच्या हातातून सोडवून घेतला. पलीकडून काहीच आवाज नव्हता. लाईन तुटली असं मला वाटलं.

“मॅडम? मॅडम, ऐकू आलं का?”

“आलं,” प्रज्ञा मॅडम म्हणाल्या. त्यांचं नाक चोंदलं होतं. “फोन त्यांच्याकडं दे परत. माझी बोली राहिलीय.”